राग आला की स्नायू सैल सोडायचे: ऐन वेळी कोणाला जमलंय का?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी,

मला राग पटकन येतो. हात उगारणं, शिवीगाळ असलं काही नाही. पण आवाज चढतो, दार आपटलं जातं आणि मग तासभर घरात कोणी कोणाशी बोलत नाही.

तीन महिन्यांपूर्वी मुलीचं गणित घेत होतो. नऊ वर्षांची आहे. हातच्याची तीच चूक चौथ्यांदा झाली आणि मी तोंड उघडायच्या आत तिने वही उचलून छातीशी धरली. मी ओरडणार हे तिला माझ्या आधी कळलं होतं. रात्री तिला जवळ घेऊन विचारलं, तुला कसं गं कळलं? तर म्हणाली, "तुझं इथे हलतं, बाबा," आणि तिने स्वतःच्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्याच आठवड्यात समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी स्नायू शिथिलीकरण शिकवलं. एकेक स्नायूगट पाच ते सात सेकंद आवळायचा, मग एकदम सोडून द्यायचा आणि पुढचा अर्धा मिनिट तिथे कसं वाटतंय एवढंच बघायचं. मुठीपासून सुरुवात, पावलांवर शेवट. रोज रात्री करतो. छान वाटतं, कित्येकदा पोटऱ्यांपर्यंत पोचायच्या आत डोळा लागतो.

पण ऐन रागात त्याचा शून्य उपयोग होतो. मूठ आवळतो आणि ती सुटतच नाही. उलट आवळलेल्या मुठीने राग आणखी चढतो.

माझं काय चुकतंय? की रागासाठी हा उपाय मुळात चालतच नाही? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

बकुळ
अगदी माझ्या मनातला धागा. मुलीचं वाचून गलबलून आलं. प्रतिसादांची वाट बघतेय.

आडवाट
माझं स्पष्ट मत: राग आत दाबायच्या या साऱ्या युक्त्या आहेत. राग म्हणजे वाफ, ती कोंडली की कुकर फुटणार. मी खोलीत जाऊन उशी बडवतो, मोकळा होतो. ज्याला राग आलाय त्याला "अंग सैल सोड" म्हणणं म्हणजे आग लागलेल्या घरात उदबत्ती लावणं.

मणका
पाऊलवाट, मी फिजिओथेरपिस्ट आहे. मानदुखी आणि जबडादुखी घेऊन येणाऱ्यांना हे रोज शिकवते, म्हणून जरा लांब लिहिते.

तुम्ही काहीच चुकीचं करत नाही आहात. पहिल्या पायरीवर उभं राहून चौथ्या पायरीचं काम करायला जाताय, एवढंच.

ही पद्धत एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरची. 1929 साली त्याने ती पुस्तकरूपाने मांडली. स्नायूतला ताण मोजायला त्याने विजेची इतकी नाजूक मोजणी वापरली की आकडे मायक्रोव्होल्टमध्ये यायचे. त्यातून त्याला दिसलं की आपण "स्वस्थ पडलोय" म्हणतो तेव्हाही कुठे ना कुठे स्नायू आवळलेलेच असतात आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून त्याचा सगळा भर तो बारीकसा ताण ओळखायला शिकण्यावर होता. आवळणं हे फक्त "ताण म्हणजे अमुक असं वाटतं" हे कळावं यासाठी. एकदा ते कळलं की आवळायचं कामच उरत नाही. त्याची मूळ पद्धत महिनोन्‌महिने चालायची. एका बैठकीत एखादाच स्नायू. पुढे जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने ती भीतीवरच्या उपचारासाठी बरीच आटोपशीर केली.

आज जी शिकवतात तिचा आराखडा साधारण 1973 च्या सुमारास पक्का झाला. आधी सोळा स्नायूगट. ते जमले की त्यांचे सात. मग चार. आणि त्यानंतर आवळणं पूर्ण बंद करून नुसती आठवण: हात सैल सुटला होता तेव्हा कसं वाटलं होतं ते आठवायचं आणि हाताला तिथे जाऊ द्यायचं. तुम्ही सोळा गटांवर आहात आणि वादाच्या मधोमध मूठ आवळताय. रागात मूठ आधीच तयार असते. तिला आणखी आवळलं तर शरीराला भांडणाचीच खूण मिळते. रागाच्या वेळी आवळायचं नाही. फक्त सोडायचं.

शोधयात्री
@आडवाट, उशीबद्दल. कुकरची उपमा मलाही वर्षानुवर्षं पटायची. पण प्रयोगात ती टिकत नाही. ब्रॅड बुशमन यांचा 2002 सालचा एक अभ्यास आहे, 600 विद्यार्थ्यांवरचा. त्यांच्या निबंधावर मुद्दाम झोंबणारे शेरे मारून त्यांना चिडवलं. मग काहींना, ज्याने शेरे मारले त्याचा विचार करत पंचिंग बॅग बडवायला दिली. काहींनी व्यायाम होतोय असा विचार करत बडवली. उरलेले दोन मिनिटं नुसते बसून राहिले. शेरेवाल्याला डोळ्यांसमोर आणून बडवणारे सर्वांत जास्त चिडलेले निघाले. नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक.

2024 मध्ये बुशमन आणि सोफी क्यारविक यांनी 154 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, दहा हजारांहून जास्त माणसं. शरीराची धडधड उतरवणारे प्रकार, म्हणजे शिथिलीकरण, संथ श्वसन, ध्यान, हे राग उतरवायला उपयोगी ठरले. धडधड वाढवणाऱ्या प्रकारांनी एकूणात फरक पडला नाही. पळण्याने तर राग वाढण्याकडेच कल दिसला.

आडवाट
वाचलं. पळण्याचं पटायला जड जातंय, कारण मला पळून आल्यावर खरंच हलकं वाटतं. पण उशीबाबत एक कबूल करतो. बडवताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी तोच माणूस असतो. आणि गेली चार वर्षं तोच आहे. हा विचार आधी कधी केला नव्हता.

मणका
पळणं सोडू नका. तब्येतीला आणि झोपेला ते हवंच. फक्त ऐन रागात निघालात तर पळताना डोक्यात भांडण चालू राहतं, तेवढं टाळा.

शब्दवेल्हाळ
धागा वाचताना एक गंमत लक्षात आली, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या भाषेने रागाची सगळी स्नायूयादी आधीच करून ठेवलीय. दातओठ खाणे. मुठी वळणे. भुवया चढणे. कपाळाला आठ्या पडणे. डोळे वटारणे. नाकपुड्या फुगणे. पाय आपटणे. शोधून पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक वाक्प्रचारात एकेक अवयव सापडतो. रागाच्या उलट बाजूलाही तेच: अंग सैल सोडणे, सुटकेचा निःश्वास टाकणे, कपाळावरची आठी मोडणे. ज्यांनी हे शब्द घडवले त्यांनी चिडलेल्या माणसाकडे किती बारकाईने बघितलं असेल! पाऊलवाट यांच्या मुलीने बघितलं तसंच.

मणका, तुमचे सोळा गट या यादीशी जुळतात का?

दिपुशेट
मग ज्यांच्या नाकावरच राग असतो त्यांनी फक्त नाक सैल सोडायचं का? (हलके घ्या)

मणका
दिपुशेट, नाक खरोखरच यादीत आहे :) चेहऱ्याचे तीन गट करतात: कपाळ, डोळे आणि नाक, जबडा आणि गाल. दोन्ही हातांचे मिळून चार, म्हणजे प्रत्येकी एक मुठीसकट कोपराखालचा आणि एक दंडाचा. मान एक, छाती-खांदे-पाठीचा वरचा भाग एक, पोट एक. आणि पायांचे सहा: मांडी, पोटरी, पाऊल, दोन्हीकडे. सोळा भरले.

शब्दवेल्हाळ, तुमची यादी मी माझ्या रुग्णांना दाखवणार आहे. "तुमचा राग कुठल्या वाक्प्रचारात बसतो?" असं विचारलं तर लोक झटकन सांगतील. प्रत्येकाची एक ठरलेली जागा असते. कोणाचा जबडा, कोणाचे खांदे, कोणाची पायाची बोटं. ती जागा सापडली की निम्मं काम झालं.

अनघा७
माझी जागा जीभ आहे. ती वर टाळूला घट्ट चिकटते.

आईला स्मृतिभ्रंश आहे. मी एकटी सांभाळते. "किती वाजले?" हा प्रश्न एका सकाळीत वीस-पंचवीस वेळा येतो. पहिली दहा उत्तरं मी प्रेमाने देते. मग कुठेतरी आवाजाला धार येते आणि ती घाबरून माझ्याकडे बघते. का घाबरली हे ती पाच मिनिटांत विसरते, पण भीती तिच्या चेहऱ्यावर दुपारपर्यंत राहते. हे ज्याने बघितलंय त्यालाच कळेल.

मी वर्षभर शिकले. आता मला पूर्ण अंग सैल करावं लागत नाही. श्वास बाहेर सोडताना मनात एकच शब्द म्हणते: "सैल". रात्री पडून सराव करताना प्रत्येक उच्छ्वासाबरोबर हाच शब्द महिनाभर म्हटला होता, त्यामुळे शब्द आणि शरीर यांची गाठ पडलीय. जीभ टाळूवरून सुटते, तिच्या पाठोपाठ जबडा, मग खांदे आपोआप उतरतात. आईच्या गाऊनची बटणं लावताना हे करते. बोटांना बटण लावण्यापुरताच जोर ठेवायचा, खांदा-मान-कपाळ यांचं बटणाशी काही काम नाही, ते सोडून द्यायचे. मणका, याला काही नाव आहे का?

रोज जमतं असं नाही. काल जमलं नाही. पण आठवड्यातून तीनदा जमलं तरी तीन सकाळी ती शांत असते.

बकुळ
अनघा, तुम्हाला घट्ट मिठी.

मणका
अनघा, तुम्ही दोन वेगळ्या पायऱ्या नेमक्या सांगितल्यात. शब्दाची गाठ ही एक, आणि कामापुरते स्नायू वापरून बाकीचे सोडणं ही दुसरी. दुसरीला भेदात्मक शिथिलीकरण म्हणतात, तीही जेकबसनचीच कल्पना. शिक्षक, वाहनचालक, शुश्रूषा करणारे, या सगळ्यांना तीच खरी कामाची. डोळे मिटून आडवं व्हायला यांना वेळ कुठे असतो?

पाऊलवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. स्वीडनच्या लार्स-योरान ऊस्त यांनी 1987 मध्ये या पायऱ्यांची एक शिडी नीट मांडली. मुळात भीती आणि चिंता यांच्यासाठी, पण रागावरही तेच तत्त्व चालतं. शेवटच्या पायरीवर माणूस वीस-तीस सेकंदांत सैल होऊ शकला पाहिजे. त्यासाठी दिवसातून पंधरा-वीस वेळा, काहीही ताण नसताना, क्षणभर थांबून सैल व्हायचं. आठवण राहावी म्हणून घड्याळावर किंवा फोनवर रंगीत ठिपका चिकटवायचा. ठिपका दिसला की एक-दोन संथ श्वास, अंगभर नजर टाकायची, जिथे आवळलंय तिथे सोडायचं.

मुद्दा "ताण नसताना" हा आहे. पोहणं बुडताना शिकता येत नाही.

सह्यकडा
सावधगिरी म्हणून माझा अनुभव. मला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. व्हिडिओ बघून सुरुवात केली. त्यातला माणूस "पूर्ण ताकदीने आवळा, श्वास रोखा" सांगत होता. तिसऱ्या दिवशी मांड्या आवळताना डोळ्यांसमोर अंधारी आली. धाग्यात कोणीच हे लिहिलं नाही म्हणून लिहितोय.

मणका
सह्यकडा, फार बरं केलंत. स्नायू जोरात आवळून धरला की रक्तदाब तेवढ्यापुरता वाढतो, श्वास रोखला तर आणखी. म्हणून श्वास चालू ठेवायचा आणि जोर अर्ध्यावरच ठेवायचा, ताण जाणवला की बस. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, मणक्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आवळणं वगळून नुसतं सोडण्याचा प्रकारही करता येतो. पोटरीला गोळा येत असेल तर पावलाची बोटं खाली न ताणता स्वतःकडे ओढा. मानेला झटका नको.

निरंजनी
माझा थोडा वेगळा प्रश्न. डोळे मिटून अंग सैल सोडलं की मला भीती वाटते. छाती धडधडते, काहीतरी सुटून चाललंय असं वाटतं. शवासनातही असंच होतं. सगळे "किती शांत वाटलं" म्हणतात आणि मी घामाघूम. माझ्यातच दोष आहे का?

शोधयात्री
निरंजनी, अजिबात नाही. हा प्रकार ओळखीचा आहे, शिथिलीकरणातून येणारी चिंता म्हणून त्यावर 1980 च्या दशकापासून लिहिलं गेलंय. ज्यांना सतत सावध राहावं लागलंय त्यांना सावधपणा सोडणंच धोक्याचं वाटतं.

मणका
डोळे उघडे ठेवा, खुर्चीत बसा, पाय जमिनीला टेकलेले असू द्या आणि फक्त एक हात घ्या. दोन मिनिटं, जास्त नको. तरी त्रास होत राहिला तर एकटीने रेटू नका, समुपदेशकांच्या सोबतीने करा.

निरंजनी
दोघांचेही मनापासून आभार. "दोष नाही" हे वाचूनच खांदे उतरले.

रानवारा
मला एक खटकतंय आणि ते बोलायलाच हवं.

सगळे राग उतरवायचं बोलतायत. राग बरोबर असेल तर? मी परिचारिका आहे. वरिष्ठ सगळ्यांसमोर अपमान करतात, दुसऱ्याच्या चुकीचं खापर माझ्यावर फोडतात. तेव्हा माझे हात थरथरतात. तो थरथराट खरा आहे. तो सैल सोडून मी शांत हसत उभी राहिले तर त्या माणसाचं फावलंच की. बायकांना आणि हाताखालच्यांना आयुष्यभर हेच सांगितलं जातं: तू शांत राहा.

आडवाट
+१. मला पहिल्या प्रतिसादात नेमकं हेच म्हणायचं होतं, उशीच्या नादात राहून गेलं.

अनघा७
रानवारा, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण माझा अनुभव ऐका. आई माझ्याकडे यायच्या आधी मी अशाच एका ठिकाणी नोकरी करत होते. राग आला की माझा गळा आवळायचा, आवाज चिरका व्हायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. समोरचा म्हणायचा, "बघा, ही भावनिक होते." मुद्दा बाजूला, माझं रडणं पुढे. गळा आणि खांदे सोडायला शिकल्यावर पहिल्यांदा मी त्याच माणसाला सरळ आवाजात सांगू शकले, "ही चूक माझी नाही, नोंदवही बघा." राग तेवढाच होता. फक्त तो आता मला वापरता येत होता.

रानवारा
हे वाचून दोन मिनिटं थांबले. गळ्याचं तंतोतंत माझंच आहे. राग ठेवायचा आणि थरथर सोडायची, असं असेल तर मी करून बघेन.

संध्याछाया२
मी बरेच दिवस फक्त वाचते. आज लिहिते.

माझ्या नवऱ्यानेही हे शिकलंय. मोठं भांडण झाल्यावर तो समुपदेशनाला गेला, दोन महिने मनापासून व्यायाम केले. आता तो ओरडत नाही. खुर्चीत बसतो, मुठी आवळतो, सोडतो, श्वास घेतो. आणि मग उठून टीव्ही लावतो. जे बोललं गेलं, जे फेकलं गेलं, त्याबद्दल एक शब्द नाही. "बघ, मी शांत झालो ना," एवढंच. तो शांत झाला की प्रकरण त्याच्यापुरतं संपतं. माझे खांदे अजून कानाला लागलेले असतात.

व्यायामाला नावं ठेवत नाही. ओरडणं थांबलं हेही खूप आहे. पण शांत झाल्यानंतर परत येऊन बोलायचं असतं, हे पण कोणीतरी शिकवा.

बकुळ
संध्याछाया, तुमचं लिहिणं पोचलं.

मणका
तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. शिथिलीकरणाचं काम धडधड खाली आणणं एवढंच आहे, जेणेकरून माणूस बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या अवस्थेत यावा. रागावरच्या उपचारात म्हणूनच ते एकटं देत नाहीत. रेमंड नोव्हाको यांनी 1975 मध्ये रागावरच्या उपचाराची जी पद्धत मांडली त्यातही शरीर शांत करणं हा एक भाग होता, आणि विचार तपासणं, प्रसंग हाताळायचा सराव करणं हे त्याच्या जोडीला. तुमच्या पतीने पहिला भाग केला आणि तिथेच थांबले. त्यांच्या समुपदेशकांशी दोघांनी मिळून बोलता येईल का?

आणि एक, सर्वांसाठीच. वस्तू फेकल्या जात असतील, हात उगारला जात असेल, घरात कोणी भीतीत राहत असेल, तर तिथे आधी त्या माणसाची सुरक्षितता. हा व्यायाम त्याला पर्याय नाही.

संध्याछाया२
आता फेकाफेक होत नाही. पण तुमचं म्हणणं लक्षात ठेवते. हा धागा त्याला वाचायला देणार आहे.

कासवगती
लहान मुलांसाठी विचारायचं होतं. मुलगा सहा वर्षांचा, चिडला की डोकं भिंतीवर आपटतो. त्याला हे "स्नायूगट" कसं समजावणार?

मणका
मुलांना गोष्टीतून. हातात लिंबू आहे, सगळा रस काढ, आता टाकून दे. तू कासव आहेस, मान कवचात ओढ (खांदे कानापर्यंत), कोणी नाही, ये बाहेर. नाकावर माशी बसलीय, हात न लावता नाक मुरडून उडव. दिवसा खेळ म्हणून खेळा, तो चिडलेला असताना नको. आणि डोकं आपटणं वारंवार होत असेल तर बालरोगतज्ज्ञांच्या कानावर नक्की घाला.

कासवगती
माशीवर इतका हसला की तीन वेळा करावं लागलं. डॉक्टरांची वेळ घेतलीय. धन्यवाद.

पाऊलवाट
मंडळी, धागा काढून पाच आठवडे झाले. उत्तर द्यायला उशीर केला, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

फोनच्या मागे निळा ठिपका लावला. पहिला आठवडा नुसता ठिपका दिसायचा आणि मी पुढे जायचो. दुसऱ्या आठवड्यात एक शोध लागला: दिवसभर माझे दात एकमेकांवर दाबलेलेच असतात. राग नसतानाही. टाइप करताना, जिना चढताना, कोणाचं ऐकताना. मणका यांना निरोप पाठवून विचारलं तर म्हणाल्या, स्वस्थ असताना ओठ मिटलेले आणि दातांत जरासं अंतर, ही जबड्याची नेहमीची जागा. माझा जबडा त्या जागी कित्येक वर्षांत गेला नसावा. म्हणजे राग यायचा तेव्हा मी शून्यापासून सुरुवात करतच नव्हतो, अर्धी चढण आधीच चढलेली असायची.

मग समुपदेशकांनी पुढची गोष्ट दिली. खुर्चीत सैल बसायचं, रागाचा एक छोटा प्रसंग मुद्दाम आठवायचा, जबडा आवळायला लागला की लगेच ओळखायचं आणि सोडायचं. आधी किरकोळ प्रसंग, रांगेत कोणी मधे घुसला असा. मोठे नंतर. जेरी डेफनबाकर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी चिडक्या विद्यार्थ्यांना आणि वाहनचालकांना असंच शिकवलं होतं, असं त्यांनी सांगितलं. गणिताचा प्रसंग मी चौथ्या आठवड्यात घेतला. नुसता आठवून हाताला घाम आला.

गेल्या शनिवारी खरंच गणित घेत होतो. भागाकार. चूक झाली, परत झाली. आणि मला पहिल्यांदा कळलं: दात टेकले. मी काही आवळलं नाही, श्वास सोडला, दातांत अंतर आलं. छाती तरी धडधडतच होती, ती उतरायला चांगली तीन-चार मिनिटं गेली. तेवढा वेळ मी काही बोललो नाही, तिच्या पेन्सिलीकडे बघत राहिलो. तिने वर बघितलं. वही उचलली नाही.

बुधवारी मात्र मी ओरडलो. ऑफिसमधून आलो होतो, दमलेलो होतो, ठिपका दिवसभर बघितलाच नव्हता. संध्याछायांचा प्रतिसाद डोक्यात होता, म्हणून अर्ध्या तासाने तिच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, मी ओरडलो ते चुकलं. ती म्हणाली, "मला दिसलं होतं. मी सांगू का तेव्हा?" मी हो म्हटलंय. आता तिने आपल्या जबड्यावर बोट ठेवलं की मी थांबायचं, असं ठरलंय.

संध्याछाया२
परत गेलात, हे वाचून बरं वाटलं.

शोधयात्री
पाऊलवाट, एक सुचवू का? खूण तिने करायची हे गोड आहे, पण तुमच्यावर लक्ष ठेवणं ही नऊ वर्षांच्या मुलीची जबाबदारी होऊ नये. ती कायम तुमच्या जबड्याकडेच बघत राहील.

पाऊलवाट
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुमचं बरोबर आहे. आज रात्री तिला सांगतो की बघायचं काम माझं. तिला वाटलं तर खूण करावी, पण नाही केली तरी चालेल.

आडवाट
मी उशी बंद केलीय, तीन आठवडे झाले. माझी जागा सापडली: पायाची बोटं. चपलेत घट्ट वळलेली असतात. पण बूट घातल्यावर ती सुटल्याचं कळतच नाही. काय करावं?

मणका
बुटात बोटं सोडायला जाऊ नका, टाच आणि बोटांचा चवडा दोन्ही जमिनीला सपाट टेकलेत का एवढं बघा. वजन दोन्ही पायांवर सारखं आलं की बोटांना धरून ठेवायचं कारण उरत नाही. घरी अनवाणी उभं राहून आठवडाभर करा, मग बुटात कळायला लागेल.

आडवाट
आत्ता उभं राहून बघितलं. डावी बोटं वळलेली होती!